समाजाचे यकृत

दारूने एखादा माणूस गेला की त्याची चर्चा आपल्याकडे दोन वाक्यांत आटोपते. ‘पीत होता’ हे पहिले, आणि ‘कितीदा सांगितले, ऐकले नाही’ हे दुसरे. दोन्ही वाक्ये बहुधा खरी असतात. परंतु ती त्या एका माणसापुरती खरी असतात. त्याच्या मरणाचा संबंध शहरातील दारूच्या भावाशी, गुत्त्यांच्या संख्येशी, क्वचित एखाद्या महायुद्धाशीही पोहोचू शकतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

यकृताचा रोगी डॉक्टर एकेक करून तपासतात. पण वैद्यकशास्त्रात अशीही माणसे आहेत की जी रोग्याची नाडी न पाहता शहरांच्या मृत्युनोंदींच्या वह्या वर्षानुवर्षे चाळीत बसतात. त्यांच्या त्या नीरस वाटणाऱ्या उद्योगातून गेल्या शंभर वर्षांत एक मोठी विस्मयकारक हकीकत उलगडली आहे. आमचा वाचकवर्ग इंदूर-ग्वाल्हेरपासून बडोदे, हैदराबाद, बेळगाव आणि गोव्यापर्यंत विखुरलेला आहे. भाषा एक, पण अबकारी कायदे प्रत्येकाचे निराळे. त्यामुळे ही हकीकत इतरांपेक्षा आपल्याला अधिक जवळची ठरावी.

प्रथम रोगाची थोडी ओळख करून घेऊ. मद्य पोटात गेले की त्याची विल्हेवाट लावण्याचे काम मुख्यतः यकृताकडे येते. या कामात जे विषारी द्रव्य मधल्यामध्ये तयार होते ते यकृताच्या पेशींनाच जाचते. नित्य आणि भरपूर पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात आधी चरबी साठते. याचे कोणतेही दुखणे जाणवत नाही, आणि पिणे थांबवले तर काही आठवड्यांत ती चरबी उतरूही लागते. पुढे काहींच्या यकृतास सूज येते. सूज वारंवार आली की जागोजाग वण पडतात, वणांच्या जाळ्यात गाठी उठतात, मऊसूत यकृत कठीण होते. यालाच सिरोसिस म्हणतात. इंग्रज वैद्य मॅथ्यू बेली यांनी १७९३ साली असे गाठाळ यकृत वर्णिताना ते कडक दारू पिणाऱ्यांत विशेष आढळते असे नोंदवून ठेवले होते. ‘सिरोसिस’ हे नाव दिले फ्रान्सच्या लेनेक यांनी, १८१९ मध्ये. ते पिंगट रंगाच्या ग्रीक शब्दावरून आले. छाती तपासण्याची नळी शोधून काढणारे लेनेक ते हेच.

कठीण झालेले यकृतही बराच काळ गुपचूप काम करीत राहते. मग एके दिवशी पोटात पाणी होते, ज्याला आपले जुने वैद्य जलोदर म्हणत आले. डोळे पिवळे होतात, रक्ताची उलटी होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांना वाटते, रोग आता सुरू झाला. वास्तविक तो दहा-वीस वर्षांपूर्वीच सुरू झालेला असतो.

भरपूर पिणाऱ्यांपैकी सर्वांनाच सिरोसिस होतो असे मात्र नाही. शंभरांत दहा ते वीस जणांना तो गाठतो. ‘अमका जन्मभर प्याला, त्याला काही झाले नाही’ हा युक्तिवाद त्यामुळेच जिवंत आहे. दहातले आठ-नऊ साक्षीदार त्याला नेहमीच सापडतात. एके काळी तर असेही मानले जाई की दोष दारूचा नसून पिणाऱ्याच्या अर्धपोटी राहण्याचा आहे. नीट जेवले म्हणजे यकृत सुरक्षित. न्यूयॉर्कच्या चार्ल्स लीबर यांनी १९७० नंतरच्या दशकात बबून जातीच्या माकडांना सकस आहाराबरोबर मद्य देऊन पाहिले, आणि त्यांतील काहींना सिरोसिस झाला. हा समज त्यानंतर टिकावयास नको होता. आमच्या ऐकण्यात तो अजूनही येतो, आणि सोबत मटणाची ताटेही येतात!

आता त्या वह्यांकडे वळू. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पान पॅरिस शहराचे आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा फ्रेंच कामगार रोज लिटरभर वाइन पिई आणि त्याला कोणी मद्यपी म्हणत नसे. वाइन हा जेवणाचा भाग होता, जसा आपल्याकडे ताकाचा पेला. लिटरभर वाइनमध्ये शुद्ध मद्यार्क ८० ग्रॅमच्या आसपास भरतो. १९४० च्या जूनमध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. वाइनचे पिंपच्या पिंप जर्मनीकडे जाऊ लागले, वाहतूक कोलमडली, आणि पुढे वाइनवरही रेशन आले. प्रौढ माणसाच्या वाट्याला आठवड्याला सुमारे एक लिटर, म्हणजे जे पूर्वी एका दिवसाचे होते ते आता सात दिवसांचे झाले. लोक उपाशी होते, थंडीने काकडत होते, क्षयाचे बळी वाढले होते. अशा त्या हलाखीत सिरोसिसने होणारे मृत्यू मात्र कोसळले. युद्ध संपेपर्यंत ते तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले होते. युद्धानंतर वाइन पुन्हा वाहू लागली आणि मृत्यूंचा आकडाही पुन्हा वर चढू लागला.

या पानापाशी जाणकार थबकले. वाइन कमी झाली म्हणून सिरोसिस कमी झाला, यात नवल कसले, असे वाचकांस वाटेल. नवल वेगामध्ये आहे. हा रोग तयार व्हावयास दहा-वीस वर्षे लागतात, असे आम्ही वर म्हटले. मग वाइन आटताच वर्षा-दोन वर्षांत मृत्यू कसे आटले? ज्यांची यकृते १९३० साली बिघडली होती ती माणसे १९४२ मध्ये काही नाहीशी झाली नव्हती. ती शहरातच होती, रेशनच्या रांगेत उभी होती. त्यांची यकृते पूर्वीइतकीच गाठाळ होती. तरी ती मेली नाहीत.

याचे उत्तर समजून घ्यावयाचे तर दुकानदाराच्या वहीतील ‘शिल्लक’ हा शब्द फार उपयोगी पडतो. कोणत्याही पिणाऱ्या समाजात अर्धवट बिघडलेल्या, पुष्कळ बिघडलेल्या आणि अगदी काठावर आलेल्या यकृतांची एक मोठी शिल्लक साठलेली असते. ती कोठेही नोंदलेली नसते, कारण हे लोक अजून डॉक्टरकडे गेलेलेच नसतात. काठावरच्या माणसाला शेवटचा धक्का देते ती त्या महिन्याची, त्या आठवड्याची दारू. तिने सुजलेले यकृत अधिक सुजते, आणि इतके दिवस कसेबसे तगलेले अवयवाचे काम बंद पडते. तो धक्का काढून घेतला की माणूस काठावरच राहतो, पडत नाही. आणि पुष्कळदा दोन पावले मागेही सरतो. यकृताइतकी पुन्हा उभे राहण्याची शक्ती शरीरात क्वचितच दुसऱ्या अवयवाला असेल.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या पॉवेल आणि क्लॅट्स्किन यांनी मद्यजन्य सिरोसिस झालेल्या रोग्यांचा पाठपुरावा करून १९६८ साली आपले निष्कर्ष छापले. ज्यांनी पिणे सोडले त्यांच्यापैकी शंभरातील ६३ जण पाच वर्षांनंतर हयात होते. ज्यांनी सोडले नाही त्यांच्यापैकी ४० च्या थोडे वर. लक्षात घ्यावे की हे सर्व रोगाच्या अखेरच्या पायरीवर पोहोचलेले लोक होते. ‘आता लिव्हर गेलेच आहे, मग सोडून काय उपयोग?’ हा प्रश्न कित्येक घरांत रोगी स्वतः विचारतो आणि घरचे खाली मान घालतात. त्याचे उत्तर १९४२ सालच्या पॅरिसने आणि १९६८ सालच्या येलने दिलेले आहे. एवढे मात्र येथेच सांगून टाकतो, की वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. झटके येतात, वाताचा भर होतो, प्रसंगी जिवावर बेतते. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावयास हवे.

अमेरिकेतील दारूबंदीचे पान पॅरिसइतके स्वच्छ नाही. तेथे पुरुषांतील सिरोसिसच्या मृत्यूंचे प्रमाण १९११ मध्ये लाखामागे २९.५ होते, ते १९२९ मध्ये १०.७ वर आले. दारूबंदीचे कैवारी हा आकडा नेहमी पुढे करतात. परंतु देशव्यापी बंदी आली जानेवारी १९२० मध्ये, आणि घसरणीचा मोठा भाग तत्पूर्वीच, राज्याराज्यांच्या बंद्या आणि पहिल्या महायुद्धातील निर्बंध यांच्या काळात, होऊन गेला होता. बंदीचे श्रेय किती आणि काळाचे किती, यावर अर्थशास्त्री अजून भांडतात. आमच्या मते भांडणाचा निकाल काहीही लागो, दारू ज्या कोणत्या कारणाने कमी झाली त्या कारणाबरोबर मृत्यूही कमी झाले, ही गोष्ट दोन्ही पक्षांना मान्यच करावी लागते.

याहून बोधप्रद आहे ती दोन शेजाऱ्यांची कहाणी. फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यामध्ये एक चिंचोळा समुद्र. विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्स सिरोसिसचे माहेरघर होते आणि ब्रिटनमध्ये हा रोग इतका विरळ होता की तेथील वैद्यांनी त्याकडे फ्रेंचांचा रोग म्हणून पाहावे. १९६१ साली फ्रान्समध्ये पंधरा वर्षांवरील माणशी वर्षाला २६ लिटर शुद्ध मद्यार्क खपत होता. त्यानंतर तो सतत उतरत गेला, आणि अर्धशतकानंतर बारा लिटरच्या आसपास आला. सरकारने काही केले नाही असे नाही. पंतप्रधान मेंदेस-फ्रान्स यांनी १९५४-५५ मध्ये दुधाचा पुरस्कार केला आणि टिंगल ओढवून घेतली. १९५६ साली चौदा वर्षांखालील मुलांना शाळेच्या जेवणात वाइन देणे बंद झाले. (हो, तोपर्यंत ती दिली जात होती!) १९९१ च्या एव्हाँ कायद्याने दारूच्या जाहिराती आवळल्या. पण घसरण मुख्यतः एवढ्याने झाली नाही. जुन्या पिढीचा रोजचा लिटर नव्या पिढीने उचललाच नाही. खेड्यातील माणूस शहरात आला, दुपारचे जेवण कचेरीच्या उपाहारगृहात होऊ लागले, टेबलावर पाण्याची बाटली आली. साध्या, स्वस्त, रोजच्या वाइनची जागा अधूनमधूनच्या चांगल्या वाइनने घेतली. १९७० च्या आसपासपासून सिरोसिसचे मृत्यूही ओसरू लागले आणि ओसरतच राहिले.

ब्रिटनमध्ये नेमके उलटे घडले. १९६० ते २००२ या काळात तेथील माणशी मद्यार्काचा खप दुप्पट झाला. पगार वाढले, दारूचे भाव त्या मानाने वाढले नाहीत. पूर्वी पबमध्ये उभे राहून प्यावयाची बिअर आता सुपरमार्केटातून भाजीबरोबर घरी येऊ लागली. १९८७-९१ आणि १९९७-२००१ या दोन कालखंडांची तुलना करता स्कॉटलंडमधील पुरुषांचे सिरोसिसचे मृत्यू दुपटीहून अधिक झाले, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये ते दोन-तृतीयांशाहून जास्त वाढले. स्त्रियांतही ही वाढ जवळजवळ निम्म्याची होती. त्याच दहा वर्षांत फ्रान्स आणि इटलीसारखे वाइनचे देश उतरणीला लागलेले होते. ज्या स्कॉटलंडला हा रोग जवळजवळ परका होता तो शतकाच्या अखेरीस पश्चिम युरोपात आघाडीच्या रांगेत जाऊन बसला.

स्त्रियांविषयी एक शब्द येथे लिहिलाच पाहिजे. तेवढ्याच दारूने स्त्रीचे यकृत पुरुषाच्या आधी आणि अधिक बिघडते. तिच्या शरीरातील पाण्याचा अंश कमी, म्हणून तितकाच पेला तिच्या रक्तात अधिक दाट होतो. इतरही कारणे आहेत. ब्रिटनमध्ये स्त्रियांनी पुरुषांची बरोबरी पेल्यात केली नव्हती. मृत्युनोंदीत मात्र त्यांचेही आकडे वाढले. आपल्या घरांत हा विषय काढणेही आजवर अप्रशस्त मानले गेले. लग्नसमारंभाच्या आदल्या रात्रीच्या मेजवान्या पाहता ते सोवळेपण फार दिवस टिकेल असे आम्हांस वाटत नाही.

समाजाच्या या यकृतावर औषध चालते का, याची एक अलीकडची परीक्षा स्कॉटलंडनेच दिली. तेथील संसदेने २०१२ मध्ये कायदा केला की दारूतील मद्यार्काच्या प्रत्येक मापामागे ठरावीक किमतीपेक्षा कमी भावाने ती विकता येणार नाही. दारूचे व्यापारी कोर्टात गेले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत रेंगाळला आणि अखेर १ मे २०१८ पासून कायदा अमलात आला. किंमत ठेवली मापामागे ५० पेन्स. याने उंची व्हिस्की महागली नाही. महागली ती प्लॅस्टिकच्या मोठ्या बाटल्यांतील स्वस्त, कडक पेये, जी काठावरच्या माणसांच्या हातात असत. पहिल्या सुमारे अडीच वर्षांचा हिशेब २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ मद्यामुळे होणारे मृत्यू, कायदा नसता तर जितके झाले असते त्यापेक्षा १३.४ टक्क्यांनी कमी भरले, आणि ही बचत मुख्यतः यकृताच्या जुनाट रोगातच दिसली. ३० सप्टेंबर २०२४ पासून ही किंमत ६५ पेन्स करण्यात आली.

पण याच सुमारास एक अशी गोष्ट घडली की जिने ‘खप मोजा, मृत्यू कळतील’ या सोप्या समीकरणाला धक्का दिला. १९५६ साली फ्रान्सच्या लेदेरमान या लोकसंख्याशास्त्रज्ञाने असे मांडले होते की समाजाची सरासरी वाढली की अतिरेकी पिणाऱ्यांची संख्याही ठरावीक प्रमाणात वाढते. पुष्कळ अंशी ते खरेही ठरत आले. मग २०२० साली कोविड आला. ब्रिटनमध्ये पब बंद झाले. देशातील एकूण खप फारसा बदलला नाही. तरीही केवळ मद्याने झालेले मृत्यू २०१९ च्या मानाने त्या एका वर्षात १८.६ टक्क्यांनी वाढून ८,९७४ झाले. २०२३ मध्ये ते १०,४७३ होते, आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश यकृताच्या रोगाने झालेले. घडले ते असे की थोडे पिणाऱ्यांनी आणखी थोडे प्यायले, आणि भरपूर पिणाऱ्यांनी बंद दाराआड, एकट्याने, आणखी भरपूर. सरासरी जागच्या जागी राहिली. शिल्लक मात्र काठावरून खाली ढकलली गेली. पॅरिसचे जे पान होते, तेच उलट्या बाजूने वाचल्यासारखे.

येथवर परदेशाची कथा झाली. आपल्याकडची वही कशी दिसते?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांना दारू पिता काय, असे विचारले गेले. तेलंगणात शंभरांत ४३ जणांनी होय म्हटले, गोव्यात ३७ जणांनी, मध्य प्रदेशात १७, महाराष्ट्रात १४ आणि गुजरातेत जेमतेम ६ जणांनी. म्हणजे हैदराबादेतील आमच्या वाचकाचा शेजार आणि बडोद्यातील वाचकाचा शेजार यांत सातपटीचे अंतर आहे. गुजरातच्या आकड्यात थोडी वजाबाकी लपलेली असणार, हे उघड आहे. परवान्याशिवाय पिणे जेथे गुन्हा आहे तेथे सरकारी पाहणी करणाराला कोण प्रामाणिक उत्तर देईल? शिवाय जुलै २०२२ मध्ये बोटाद जिल्ह्यात विषारी दारूने चाळीसहून अधिक माणसे दगावली, ती काही ताक पिऊन नव्हे. तरी मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्यापासून अखंड चालत आलेल्या बंदीने पिण्याला रोजचे, राजरोस, कुटुंबासमोरचे रूप येऊ दिले नाही, हेही तितकेच खरे. आणि यकृताला मारते ते मुख्यतः रोजचे पिणेच.

या टक्केवारीपेक्षा आम्हांस अधिक चिंता वाटते ती दुसऱ्या दोन आकड्यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार भारतातील माणशी मद्यार्काचा खप, नोंदलेला आणि बिननोंदीचा धरून, २००५ मध्ये २.४ लिटर होता, तो २०१६ मध्ये ५.७ लिटर झाला. रोग परिपक्व व्हावयास दहा-वीस वर्षे लागतात हे लक्षात ठेवून वाचकांनी स्वतःच बेरीज करावी. त्या वाढीचे बिल अद्याप पुरते आलेले नाही.

दुसरा आकडा मधुमेहाचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सर्वांत वरचे स्थान गोव्याचे होते: प्रौढांपैकी शंभरांत २६ मधुमेही. मद्याने यकृतात चरबी साठते, तशीच ती मधुमेहाने आणि पोटाच्या घेराने साठते. हे दोन्ही एकाच माणसात आले की परिणाम बेरजेने न वाढता त्याहून अधिक वाढतो, असे स्कॉटलंडमधील पुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीत २०१० साली दिसून आले. २०२३ मध्ये यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी अशा दुहेरी रोगाला स्वतंत्र नावच देऊन टाकले. १९४० चा पॅरिसचा कामगार सडपातळ होता. आपला आजचा चाळिशीचा मध्यमवर्गीय गृहस्थ तसा नाही. पॅरिसकराला जितक्या दारूने रोग जडला तितकी याला लागणार नाही.

तेव्हा ‘थोडी’ म्हणजे किती, याचा हिशेब घरात असलेला बरा. १८० मिलिलिटरची, जिला दुकानात क्वार्टर म्हणतात, ती व्हिस्कीची किंवा रमची बाटली म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. कडक बिअरची मोठी बाटली म्हणजे ४० ग्रॅम. साध्या बिअरची, २५. उत्तर इटलीतील दोन गावांच्या सुमारे ७,००० रहिवाशांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष १९९७ मध्ये छापले गेले. तीत रोज ३० ग्रॅमच्या वर यकृताचा धोका चढू लागतो असे आढळले, आणि जेवणाशिवाय पिणाऱ्यांत तो आणखी अधिक. आपल्याकडे पिणे जेवणाबरोबर नसून जेवणाआधी, चकणा समोर ठेवून, दोन-दोन तास चालते. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्या आप्तांना त्यांच्या बाटलीवरील टक्के वाचावयास सांगावेत. आणि दारूबरोबर लिव्हरचे टॉनिक घेतले की हिशेब मिटतो, अशी ज्यांची समजूत आहे त्यांच्यासाठी लीबर यांची माकडे पुरेशी आहेत.

राहता राहिला प्रश्न आपल्या शहरांच्या वह्यांचा. इंदूरचे किंवा हैदराबादचे असे पॅरिससारखे पान कोणी काढून दाखवू शकेल काय? फार कठीण आहे. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते ते शंभरांत २२-२३ च भरले. बाकीची माणसे कशाने गेली ते वहीला ठाऊक नाही. १९९५ ते १९९७ ही दोन वर्षे आंध्रात संपूर्ण दारूबंदी होती. नेल्लूर जिल्ह्यातील दुबगुंटा गावच्या स्त्रियांनी १९९२ मध्ये पेटवलेल्या आंदोलनातून ती आली. पॅरिसइतकाच मोठा प्रयोग. पण त्या दोन वर्षांत किती यकृते काठावरून मागे सरली हे मोजावयास लागणारी वहीच नव्हती.

आणि जेथे कागद असतो तेथेही त्यावर काय लिहिले जाते? डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर कारणांच्या ओळी एकाखाली एक असतात. वरच्या ओळीत तात्काळ कारण, तिच्याखाली त्यामागचे कारण, आणि सर्वांत खाली मूळ कारण. रक्ताची उलटी, ती कशाने, तर सिरोसिसने; सिरोसिस कशाने, तर मद्याने. पण घरातला कर्ता मुलगा डॉक्टरांना बाजूला घेतो. मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, विम्याची रक्कम यावयाची आहे, चार माणसांत शोभा नको. डॉक्टरही माणूसच, तो ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहून सही करतो, जणू इतर मृत्यूंत ती चालूच राहते. मुलाचे बोलणे आम्हांस कळते. चूक आहे असे आम्ही म्हणणारही नाही एवढे त्या घराने सोसलेले असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्त कायद्याने रुग्णालयांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवावे आणि त्याची एक प्रत जवळच्या नातलगास विनामूल्य द्यावी असे ठरले आहे. ती प्रत आता घरात येते, इतर कागदांबरोबर फायलीत लागते. तिच्यावर खालच्या ओळीची जागा पुष्कळदा कोरी असते.